केकची साक्ष

"फस्सऽऽ!"

मखमली गवसणीतल्या बाटलीचं झाकण फिरलं आणि इमारतीच्या तळमजल्यावरच्या हॉलमध्ये बसलेल्या झाडून सगळ्या माणसांनी एकदम श्वास आत ओढला.

"ऐकलंत? पाणी जागं झालं!" जलमाई माइकवर म्हणाल्या. त्यांचा आवाज मधात बुडवून काढल्यासारखा होता. "आपल्या नळाचं पाणी झोपलेलं असतं, बाळांनो. हे जिवंत आहे. हे श्वास घेतं. आणि जे श्वास घेतं त्याला खरं-खोटं कळतं!"

पांढऱ्या पिशवीतलं पांढरं पीठ त्यांनी भांड्यात ओतलं. त्यावर जिवंत पाण्याची धार धरली. पीठ फसफसलं. पहिल्या रांगेतल्या बायकांच्या तोंडून "अगंबाई!" निघालं. मग चमच्याचे चार वेढे, कडेला तुपाचा हात फिरवलेला डबा आणि टेबलावरचा काचेच्या दाराचा ओव्हन. अंडं नाही, लोणी नाही, काही काही नाही. सगळे टक लावून काचेकडे बघत बसले. आत पिवळा दिवा लागलेला, आणि त्या दिव्याखाली केक हळूहळू वर यायला लागला.

"उठला गं बाई, उठला!" पहिल्या रांगेत एका म्हातारीने पदराने डोळे पुसले.

सगळ्यात मागे, दाराला टेकून, गळ्यात मास्क लोंबकळत असलेली एक बाई उभी होती. तिचा दवाखाना याच तळमजल्यावर होता. इमारतीत तिला सगळे दातवाल्या डॉक्टरीणबाई म्हणत. पहिल्या रांगेत रडणारी म्हातारी ही तिची सासू. डॉक्टरीणबाईंनी कपाळावर हात मारला, पण हळूच, कारण घरी जाऊन त्याच सासूच्या हातचा चहा प्यायचा होता.

जलमाईंचं हे प्रस्थ इमारतीत शिरून महिनाही झाला नव्हता. चौथ्या मजल्यावरच्या कुणाच्या तरी मावसबहिणीने त्यांना आणलं. आधी नुसता आशीर्वादाचा केक व्हायचा. घरात शांती आहे का, मुलाला नोकरी लागेल का, केक फुगला की लागेल. केक रोजच फुगायचा, त्यामुळे सगळं आनंदात चाललं होतं. नोकरी काही कुणाला लागली नाही, पण केक सगळ्यांना मिळाला, आणि फुकटचा केक खाल्ल्यावर तक्रार करायला तोंड रिकामं असतं कुठे?

डॉक्टरीणबाई इतके दिवस हसण्यावारी नेत होत्या. "खाऊ देत," त्या म्हणायच्या. "माझाच धंदा वाढतोय."

मग बँकवाल्या काकूंची अंगठी हरवली.

बँकवाल्या काकू म्हणजे तिसऱ्या मजल्यावरच्या. बँकेतून निवृत्त झाल्या, तरी इमारतीशी बोलताना अजून काचेपलीकडून बोलल्यासारख्या बोलत. गच्चीवरची खोलीही त्यांच्याच मालकीची. ती त्यांनी नर्सताईला भाड्याने दिली होती. नर्सताई सकाळी डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यात काम करायची आणि संध्याकाळी इमारतीतल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांचं बघायची. कुणाचं इंजेक्शन, कुणाची मलमपट्टी. काकूंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं, त्याचं ड्रेसिंगही तीच करायची. चाळिशीची, एकटी, फारसं न बोलणारी बाई. लोकांच्या घरात, थेट झोपायच्या खोलीत जायचं, हेच तिचं पोट. अशा बाईला कुणी चोर म्हटलं की संपलंच की सगळं. दुसऱ्या दिवशी तिच्यासाठी एक दार उघडणार नाही.

"पोलीस नकोत," काकू म्हणाल्या. "इमारतीची अब्रू जाते. माई बघतील."

माईंनी बघायचं कबूल केलं. त्या आठवड्यात काकूंच्या घरात जे जे येऊन गेले त्या सगळ्यांची कसोटी घ्यायची. नर्सताई, विजेचं काम करणारा, इमारतीचे सेक्रेटरी, आणि पाककृती विचारायला गेलेल्या डॉक्टरीणबाईंच्या सासूबाई. प्रत्येकाच्या नावाचा एकेक केक. खऱ्याचा उठेल, चोराचा बसेल. आणि नियम एकच: कसोटी लागली की आरोपीने तोंड उघडायचं नाही. जे बोलायचं ते केक बोलेल.

त्याआधी मात्र माई घरोघरी जाऊन बसल्या. "मन मोकळं करा, बाळांनो. कुणाबद्दल मनात काय आहे ते माझ्या ओंजळीत टाका." लोकांनी टाकलं. ओंजळ भरून वाहायला लागेपर्यंत टाकलं. सेक्रेटरींना कुणी काही म्हणेना, त्यांच्याकडे पाण्याच्या टाकीच्या किल्ल्या. विजेवाल्याचा चुलता पोलिसांत होता. सासूबाई तर सासूबाईच. उरली कोण? भाड्याच्या खोलीतली, एकटी, न बोलणारी.

रविवारी सकाळी हॉल भरला. खुर्च्या कमी पडल्या म्हणून लोकांनी घरची स्टुलं आणली. कसोटीला बसलेल्या चौघांत सासूबाई सारखं देवाचं नाव घेत होत्या.

"आई, तुम्ही कशाला घाबरताय?" डॉक्टरीणबाई कानाशी कुजबुजल्या. "तुम्ही घेतली आहे का अंगठी?"

"नाही गं! पण त्या काकूंच्या डब्यातले काजू मी न विचारता खाल्ले. पाण्याला तेवढा फरक कळतो की नाही कुणास ठाऊक!"

पाण्याला कळला नाही. सासूबाईंचा केक टम्म फुगला आणि त्यांनी असा सुस्कारा सोडला की शेजारचा विजेवाला दचकला. सेक्रेटरींचा फुगला. विजेवाल्याचा तर डब्याबाहेर आला. शेवटचा केक नर्सताईचा.

पीठ तेच, बाटली तीच, फस्स तेच. गर्दीत जागा मिळावी म्हणून डॉक्टरीणबाई पुढे सरकल्या होत्या. माईंनी आवेशात धार सोडली तेव्हा थोडं जिवंत पाणी त्यांच्या बाहीवर उडालं. केक ओव्हनमध्ये गेला. वर यायला लागला. चांगला येत होता. नर्सताईच्या चेहऱ्यावर जरा रंग आला.

तेवढ्यात माई उठल्या.

"थांबा! पाणी मला बोलावतंय. या काकू, पुढे या. साक्ष जवळून बघायची असते." आणि त्यांनी ओव्हनचं दार सताड उघडलं. काकूंना वाकून बघायला लावलं. मग सेक्रेटरींना. मग स्वतः एक लांबलचक प्रार्थना म्हटली, त्यात सातही समुद्रांची नावं घेतली. दार तसंच उघडं. सगळ्यांच्या डोळ्यांदेखत केकच्या मधोमध खळगा पडला. खळग्याचा खड्डा झाला. आणि केक मटकन बसला.

हॉलमधून जो आवाज उठला तो डॉक्टरीणबाईंना पुढे बरेच दिवस आठवत राहिला. त्यात धक्का नव्हताच. त्यात समाधान होतं. बघा, मी म्हणत नव्हते?

नर्सताईने तोंड उघडलं. माईंनी लगेच बोट ओठांवर ठेवलं. "केक बोलला आहे, बाळ."

"संध्याकाळपर्यंत खोली रिकामी कर," बँकवाल्या काकू म्हणाल्या. गुडघ्यावर त्याच बाईने सकाळी बांधलेली पट्टी होती.

नर्सताई जिन्याकडे गेली. लोक तिला वाट द्यायला इतके मागे सरले, जणू काही तिच्या अंगाला पाक लागलाय.

पाक! डॉक्टरीणबाईंनी बाही चाचपली. बाही चिकट झाली होती. त्यांनी ती नाकाशी नेली. लिंबाचा वास. हा वास त्यांच्या रोजच्या ओळखीचा. किडलेले दात घेऊन येणारी पोरं त्यांच्या खुर्चीत बसली की तोंडातून हाच वास यायचा, आणि "काय पितोस रे?" विचारलं की पोरं छताकडे बघायची.

घरी आल्यावर सासू-सुनेची जुंपली.

"आई, ते लिंबाचं सोडावॉटर आहे. कोपऱ्यावरच्या दुकानातलं."

"तुला दातातलं कळतं गं. म्हणून देवातलं पण कळायला लागलं का?"

"देवाचं राहू द्या. केकचं बोलू. तुमच्या केकच्या वेळी माईंनी दार उघडलं होतं?"

"नाही."

"सेक्रेटरींच्या? विजेवाल्याच्या?"

सासूबाईंनी बोटांवर केक मोजले. मग म्हणाल्या, "पाण्याने त्यांना बोलावलं नसेल."

"बरं. बघूया मला बोलावतं का."

डॉक्टरीणबाई दुकानात गेल्या आणि व्हॅनिला केकच्या तयार पिठाची खोकी उचलून आणली. पीठ चमच्याने सासूबाईंच्या तळहातावर ठेवलं. त्यांनी चाटलं. डोळे बारीक केले. परत चाटलं. माई वाटायच्या त्या कोरड्या पिठाचा चिमूटभर प्रसाद त्यांनी इतके दिवस रोज जिभेवर ठेवला होता, त्यांची जीभ फसणारी नव्हती.

"हेच आहे," त्या पडलेल्या आवाजात म्हणाल्या.

डॉक्टरीणबाईंनी त्यात नळाचं पाणी घातलं. सरळ नळाखाली वाटी धरून, सासूबाईंच्या देखत. केक ओव्हनमध्ये गेला. सासूबाई स्टूल ओढून काचेपुढे बसल्या आणि मनातल्या मनात तो फुगू नये म्हणून प्रार्थना करू लागल्या, हे त्यांनीच नंतर सांगितलं. केकने त्यांचं काही ऐकलं नाही. जरा घट्ट झाला, सोडावॉटरच्या केकइतका हलका नाही, पण फुगला.

"झोपलेल्या पाण्याने पण?"

"खोक्यातल्या पिठातच सगळं असतं, आई. खायचा सोडा आणि त्याच्याशी भांडणारी आंबट पूड. कोरडं असेपर्यंत दोघं गप्प. पाणी पडलं, ऊब मिळाली, की भांडण सुरू. त्यातून वायू निघतो, बुडबुडे होतात, पीठ वर येतं. मग उष्णतेने पीठ घट्ट होतं आणि बुडबुडे आत अडकतात. सोडावॉटरने आणखी चार बुडबुडे पडतात, आणि फस्स असा आवाज येतो. आवाजाशिवाय चमत्कार खपत नाही."

दुसरा केक त्यांनी अर्धवट वर आल्यावर दार उघडून ठेवला. पीठ अजून ओलं होतं; गार हवा आत गेली, बुडबुडे आकसले, केक मटकन बसला. अगदी सकाळसारखा. तसाच खळगा.

सासूबाईंनी त्या खळग्यात बोट घालून बघितलं.

"मग मी रडले कशाला गं?" त्या म्हणाल्या. "महिनाभर रोज रडले मी तिथे. आणि सकाळी... त्या पोरीचा केक बसला तेव्हा मला काय वाटलं सांगू? बरं झालं माझा नाही बसला, एवढंच. दोन वर्षं माझी साखर तपासायला येते ती." त्यांना खरंच रडू आलं. मग पदर कंबरेला खोचून त्या उठल्या. "चल. ओव्हन उचल."

"मी बोलते ना, आई."

"तुझं कोण ऐकणार? तू शिकलेली आहेस. माझं ऐकतील, मी त्यांच्यातली आहे."

संध्याकाळी हॉलमध्ये माईंचा निरोपसमारंभ होता. चोर सापडला, आता माई पुढच्या इमारतीत निघाल्या होत्या. जिन्याच्या तोंडाशी नर्सताई आपली ट्रंक आणि गुंडाळलेली गादी घेऊन उभी होती. टेम्पोची वाट बघत होती. तिच्याकडे कुणी बघत नव्हतं. म्हणजे सगळे बघत होते, पण न बघितल्यासारखं करून.

तेवढ्यात डॉक्टरीणबाई धापा टाकत ओव्हन घेऊन आल्या आणि मागे सासूबाई, हातात पाण्याचा तांब्या.

"माई," सासूबाई भरल्या आवाजात म्हणाल्या, "माझी परत कसोटी घ्या. माझ्या मनाला चैन नाही."

"तुझा केक उठला होता, बाळ."

"तरी घ्या. आणि जोडीला काकूंच्या नावाचा पण करा. घर त्यांचं, अंगठी त्यांची. त्यांचं खरेपण एकदा उजळून निघू दे."

काकूंना हे फार आवडलं. सेक्रेटरींनी माइक चालू केला. माईंना नाही म्हणायला जागा राहिली नाही. दोन ओव्हन शेजारी शेजारी. काकूंच्या पिठात बाटलीतलं जिवंत पाणी, फस्स करून. सासूबाईंच्या पिठावर माई बाटली तिरकी करणार एवढ्यात सासूबाईंनी आपला तांब्या उपडा केला.

"हे काय?" माई ओरडल्या. मध एकदम उतरला.

"नळाचं आहे. झोपलेलं. आणि आता सगळ्यांनी ऐका." सासूबाईंनी माइक ओढून घेतला. "माझं वय पंचवीस आहे. ही अख्खी इमारत माझ्या मालकीची आहे. माझी सून मला उलट उत्तर कधी देत नाही. आणि काकूंचे काजू मी खाल्ले नाहीत!"

हॉलमध्ये खसखस पिकली. "अहो, हे सगळं खोटं आहे!" सेक्रेटरी म्हणाले.

"धादांत! आता बघू माझा केक काय म्हणतो."

दोन्ही केक वर यायला लागले. डॉक्टरीणबाईंनी घड्याळ बघितलं आणि काकूंच्या ओव्हनचं दार उघडलं. "या सेक्रेटरी, साक्ष जवळून बघा. या, तुम्ही पण या, सगळे या. घाई नाही." लोक रांगेने आले, वाकले, बघून गेले. माई "दार लावा, दार लावा!" म्हणून धावल्या, तशी सासूबाई आडव्या आल्या. "का हो माई? सकाळी तर तुम्हीच उघडलं होतंत. तेव्हा तर सातही समुद्र बोलावले होते."

काकूंच्या केकमध्ये खळगा पडला. खड्डा झाला. केक बसला.

शेजारच्या काचेआड सासूबाईंचा खोटारडा केक ऐटीत फुगून उभा होता.

सगळे आळीपाळीने दोन्ही केककडे बघायला लागले. मग मागून कुणीतरी म्हणालं, "म्हणजे काकूंनी स्वतःच स्वतःची अंगठी...?"

"गप्प बसा!" काकू किंचाळल्या. "मी? मी चोर? एका केकवरून?"

हे वाक्य तोंडातून पडलं आणि त्यांनाच ते ऐकू आलं. त्या खुर्चीवर बसल्या. सगळ्यांच्या माना आपोआप जिन्याकडे वळल्या.

डॉक्टरीणबाईंनी बाटलीची मखमली गवसणी ओढून काढली. आत दुकानातली हिरवी बाटली. लिंबाच्या फोडीचं चित्र असलेली.

"नजर लागू नये म्हणून मी ते..." माई बोलायला लागल्या. पाणी रुसलं, तांब्याला अपवित्र हात लागला, संशयाची छाया पडली, असं बरंच काही त्या बोलल्या. पण बोलता बोलता पिशवी भरत होत्या आणि बघता बघता दाराबाहेर होत्या. ओव्हन मात्र विसरल्या.

डॉक्टरीणबाईंनी सगळं समजावून सांगितलं: पिठातला सोडा, बुडबुडे, गार हवा. लोक मान डोलवत होते. मग त्या थांबल्या आणि त्यांचा आवाज चढला. "पण केक नेमका कुणाचा बसवायचा, हे त्या बाईला कुणी सांगितलं? तुम्हीच ना! तिने तुमच्या घरी बसून विचारलं, कुणावर संशय आहे, आणि तुम्ही सांगितलंत. मग तुमचाच संशय तिने ओव्हनमध्ये भाजून तुम्हाला वाढला, आणि तुम्ही म्हणालात, बघा, देवाला पण तसंच वाटतं! अहो, चमत्कार आपल्या मनासारखा झाला ना, तर आधी त्याच्यावर संशय घ्या. पाणी कुठून आणलंय ते विचारा. दार का उघडलं ते विचारा. एकदा आपल्या हाताने करून बघा. यात धर्म बुडत नाही आणि कुणाची श्रद्धा मरत नाही. बुडते ती फसवणूक."

"ते ठीक आहे," काकू क्षीण आवाजात म्हणाल्या. "पण मग माझी अंगठी कुठे आहे?"

"मला माहीत नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

हॉल हिरमुसला. एवढं सगळं झाल्यावर उत्तर हवं होतं लोकांना.

"खरंच माहीत नाही. शोधा, तक्रार द्या, जे करायचं ते रीतसर करा. पण माहीत नसेल तर माहीत नाही म्हणा. ते सहन होत नाही म्हणून एका माणसाचं वाटोळं करायचं का?"

बाहेर टेम्पोचा हॉर्न वाजला. नर्सताईने ट्रंक उचलली.

"थांब गं," काकू उठल्या. गुडघा धरत, लंगडत, हॉलभर चालत जिन्यापाशी गेल्या. "ट्रंक ठेव. खोली तुझीच आहे. झालं गेलं..."

"काकू," नर्सताई म्हणाली. सकाळपासून तिचा आवाज पहिल्यांदाच कुणी ऐकत होतं. "अंगठी हरवल्यापासून मी तुमच्याकडे रोज येतेय. तुमचा पाय रोज माझ्या मांडीवर असतो. तुम्ही माईंना विचारलंत. पिठाला विचारलंत, पाण्याला विचारलंत. मला एकदा तरी विचारलंत का?"

काकूंनी जिन्याचा कठडा धरला. सगळा हॉल ऐकत होता. बाहेर हॉर्न पुन्हा वाजला.

"तू घेतलीस का गं माझी अंगठी?" काकूंनी विचारलं.

"नाही," नर्सताई म्हणाली.